२५ डिसेंबर : गव्हाणीतले मूल आणि आपण

दरवर्षी २५ डिसेंबरला नाशिकमध्ये दोन कार्यक्रम एकाच दिवशी होतात. शरणपूर रोडच्या बाजूला चर्चमध्ये नाताळची उपासना असते. आणि शहरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये, बुद्धविहारांमध्ये मनुस्मृती दहन दिनाच्या सभा असतात. १९२७ साली याच तारखेला महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीची जाहीर होळी झाली. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना जनावरापेक्षा हीन ठरविणाऱ्या कायद्याला त्या दिवशी अग्नी दिला गेला. म्हणून आपण हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणूनही पाळतो.

अशाच एका सभेनंतर एका तरुण कार्यकर्त्याने मला अडवून विचारले, "सर, तुम्ही आत्ता व्यासपीठावरून ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. कुमारिकेच्या पोटी मूल जन्माला आले, आकाशातला तारा चालत आला, देवदूत गाऊ लागले, हे सगळे आपण मानायचे का? मग बावीस प्रतिज्ञा कशासाठी घेतल्या? सत्यनारायणाची पोथी भाकडकथा आणि ही मात्र शुभेच्छा देण्यासारखी, हा कोणता न्याय?"

प्रश्न रास्त होता. त्याला बाजूला सारून "सर्वधर्मसमभाव" असे गुळगुळीत उत्तर देणे मला पटले नाही. सर्व धर्म सारखेच आहेत असे बाबासाहेबांनी कधी म्हटलेले नाही. उलट, धर्मांची तुलना करावी, तपासणी करावी आणि मग निवड करावी, हाच त्यांचा मार्ग होता. येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेपासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेपर्यंत त्यांनी एकवीस वर्षे घेतली. तेव्हा त्या तरुणाला त्या वेळी दोन वाक्यांत जे सांगता आले नाही, ते आज सविस्तर लिहितो आहे.

मी पेशाने वकील आहे. कोणतीही हकीकत समोर आली की आधी साक्षीदार तपासायची सवय आहे. येशूच्या जन्माची हकीकत सांगणारे साक्षीदार फक्त दोन. मत्तय आणि लूक. बायबलमध्ये चार शुभवर्तमाने आहेत. त्यातल्या मार्कच्या आणि योहानाच्या पुस्तकांत जन्माची कथाच नाही. मार्कचे पुस्तक अभ्यासकांच्या मते चारांत जुने, साधारण इसवी सन ७० च्या सुमाराचे. त्यात येशू पहिल्यांदा भेटतो तो थेट मोठा माणूस म्हणून. त्याच्याही आधी पौलाने पत्रे लिहिली. त्यात येशू स्त्रीपासून जन्मला एवढेच येते. तारा नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत.

आता दोन साक्षीदारांच्या जबान्या समोरासमोर ठेवू. मत्तय सांगतो की पूर्वेकडून ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे आले, हेरोद राजा घाबरला, त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांपर्यंतची मुले मारवली आणि योसेफ मरीया व बाळाला घेऊन रातोरात मिसर देशात पळाला. लूकच्या जबानीत यातले काहीच नाही. तिथे ज्ञानी लोकांच्या जागी मेंढपाळ आहेत. मूल गव्हाणीत ठेवलेले आहे. कुटुंब यरुशलेमच्या मंदिरात उघडपणे जाते आणि मग सुखरूप नासरेथला परतते. लूक म्हणतो की क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असताना शिरगणती झाली, म्हणून योसेफ बेथलेहेमला गेला. इतिहास सांगतो की क्विरीनियची शिरगणती इसवी सन ६ मधली, आणि हेरोद मेला इसवी सनपूर्व ४ मध्ये. म्हणजे मध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर. हेरोदाच्या क्रौर्याच्या अनेक हकिगती लिहून ठेवणारा ज्यू इतिहासकार जोसिफस बेथलेहेमच्या मुलांबद्दल एक शब्द लिहीत नाही. आणि २५ डिसेंबर ही तारीख तर बायबलमध्ये कुठेच नाही. त्या तारखेला रोममध्ये हा सण होत असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे.

एवढी विसंगती असेल तर न्यायालय काय म्हणेल? इतिहास म्हणून ही हकीकत शाबीत होत नाही, असेच म्हणेल. आणि हे मी बौद्ध म्हणून म्हणतो आहे असे नाही. जर्मनीतल्या डेव्हिड स्ट्राउस या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने १८३५ सालीच येशूचे चरित्र लिहून या कथा मिथके आहेत असे मांडले. त्यापायी त्याला अध्यापनाला मुकावे लागले. पुढे रुडॉल्फ बुल्टमान या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४१ साली सांगितले की मिथक फेकून देऊ नका, मिथकाचा उलगडा करा. ते माणसाच्या जगण्याबद्दल काय सांगते आहे ते वाचा. ख्रिस्ती जगाच्या आतच हा वाद जवळपास दोनशे वर्षे चालू आहे. तेव्हा चमत्कार नाकारणे म्हणजे ख्रिस्ती बांधवांचा अपमान नव्हे.

इथपर्यंत तो तरुण माझ्याशी सहमत होईल. पुढचा प्रश्न मात्र त्याने विचारलेला नव्हता. शाबीत झाली नाही म्हणून कथा निरर्थक ठरते का?

आपल्या परंपरेचे उत्तर "नाही" असे आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. पुराणातले दशावतार त्यांनी चमत्कार म्हणून मानले नाहीत, पण गप्पा म्हणून टाकूनही दिले नाहीत. वामनाने बळीला पाताळात घातले या कथेच्या पोटात कोणाची जमीन गेली, कोणाचे राज्य गेले, हे त्यांनी शोधले. जिंकणाऱ्याने रचलेल्या कथेतून हरलेल्याचा आवाज त्यांनी बाहेर काढला. आणि त्याच ग्रंथात त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत नेऊन बसविले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण येशूच्या कथेतला दीनांचा कैवारी त्यांनी ओळखला होता.

बाबासाहेबांची पद्धत याहून काटेकोर. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ते चार दृश्यांच्या कथेला हात घालतात. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेब विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला कसे पटावे? त्या जागी ते शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवतात. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला देश सोडावा लागला. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या माणसाला त्या कथेत पाण्याचा तंटा दिसला, हे लक्षात घ्या. मात्र त्याच ग्रंथात महामायेचे स्वप्न आहे, बाळाला पाहायला आलेले असित ऋषी आहेत. सगळ्या कथा त्यांनी छाटल्या नाहीत. जिथे कथा माणसाची दिशाभूल करते तिथे ती नाकारली. जिथे ती माणसाच्या मनातली आशा सांगते तिथे ती राहू दिली.

हीच कसोटी नाताळच्या कथेला लावून पाहू. देव आहे की नाही, कुमारी गर्भवती होते की नाही, हे प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ही कथा कोणी रचली, कोणत्या भीतीतून रचली, कोणत्या आशेने रचली, एवढेच विचारा.

पहिली गोष्ट. ही कथा साम्राज्याच्या टाचेखाली राहणाऱ्या लोकांची आहे. त्या काळी रोमचा औगुस्त कैसर स्वतःला देवपुत्र म्हणवून घेत असे. आजच्या तुर्कस्तानात प्रीएन येथे इसवी सनपूर्व ९ चा एक शिलालेख सापडला आहे. त्यात औगुस्ताचा जन्म म्हणजे जगासाठी शुभवर्तमानाचा आरंभ, असे म्हटले आहे. तारणारा, शांती आणणारा ही सगळी विशेषणे सम्राटाची होती. आता लूकची कथा वाचा. नेमके हेच शब्द तो उचलतो आणि राजवाड्यातून काढून गोठ्यात नेतो. तारणारा जन्मला, पण कुठे? जनावरांच्या गव्हाणीत. बातमी पहिल्यांदा कोणाला मिळाली? रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. ज्यांना दरबारात कोणी उभे केले नसते, त्यांना. सम्राटाच्या मिथकाला प्रजेने दिलेले हे प्रतिमिथक आहे. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी दर १ जानेवारीला लाखो लोक का जमतात, हे ज्याला समजते त्याला हे समजायला अडचण पडू नये.

त्या शिरगणतीकडेही पाहा. रोमची गणती कर बसविण्यासाठी होती. त्या गणतीविरुद्ध गालीली यहूदाने बंड केल्याचे जोसिफसने लिहिले आहे. राज्यकर्ता मोजतो तेव्हा गरिबाने विचारायचे असते की हे मोजणे वसुलीसाठी आहे की वाट्यासाठी? आपल्या देशात सगळ्या जातींची शेवटची सरकारी गणती १९३१ साली झाली. त्यानंतर कित्येक दशकांच्या मागणीनंतर केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढच्या जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागाला १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. मोजदाद होणे हा पहिला टप्पा, वाटा मिळणे हा खरा मुद्दा. दोन हजार वर्षांपूर्वीची कथा गरोदर बाईला गणतीसाठी पायपीट करायला लावते आणि उतारशाळेत तिला जागा मिळत नाही. नाव नोंदवायला हवे, पण जागा द्यायची नाही, हा अनुभव आपल्याला परका आहे का? २ मार्च १९३० ला याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि हजारो सत्याग्रही दारात उभे राहिले. जनगणनेत हिंदू म्हणून मोजायला ते हवे होते, आत घ्यायला नको होते.

दुसरी गोष्ट मरीया आणि योसेफाची. चमत्कार बाजूला काढला की काय उरते? लग्न ठरलेली एक मुलगी गरोदर आहे आणि मूल नवऱ्याचे नाही. ज्यूंच्या जुन्या नियमशास्त्रात अशा मुलीला दगडमाराची शिक्षा होती. मत्तय म्हणतो की योसेफ नीतिमान होता. आता नीतिमान माणूस कायदा पाळतो, अशी आपली समजूत असते. पण कथा उलटे सांगते. तो नीतिमान होता म्हणूनच त्याने तिची बेअब्रू करायची नाही असे ठरविले, आणि पुढे तिला घरी आणले. मूलही आपले म्हणून वाढविले. धर्मग्रंथाचा कायदा आणि जिवंत बाई यांच्यात त्याने बाई निवडली. मत्तयाने दिलेल्या वंशावळीतही हाच धागा आहे. पुरुषांच्या नावांच्या लांबलचक यादीत तो मरीयेआधी चार स्त्रिया आणतो. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. कोणी परक्या कुळातली, कोणी वेश्या म्हटली गेलेली, कोणी राजाच्या वासनेची बळी ठरलेली. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्याने ही नावे लपविली असती. इथे ती मुद्दाम लिहिली आहेत.

ही कथा जुनी आहे असे समजून पुढे जाऊ नका. २०१३ साली आपल्याच नाशिक शहरात एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळला. तिचा गुन्हा एवढाच की तिने जातीबाहेर लग्न केले होते. जातपंचायतीच्या जाचाची चर्चा त्या घटनेने महाराष्ट्रभर झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम त्यातूनच उभी केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा खून झाला. विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला तो २०१६ साली. त्या मुलीच्या भोवती एक योसेफ असता तर? जातीची अब्रू की जिवंत लेक, या प्रश्नावर एका माणसाने वेगळे उत्तर दिले असते तर? २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाच्या सभेत आपण हाच प्रश्न विचारत असतो. फरक एवढाच की आपण तो ग्रंथ जाळून विचारतो आणि ही कथा तो एका सुताराच्या घरात विचारते.

तिसरी गोष्ट हेरोदाची. सत्ता जाईल या भीतीने राजा तान्ही मुले मारतो. आपल्याकडे कंसाची कथा आहे, ज्यूंकडे मोशेच्या काळातल्या फारोची होती. मत्तयाने ती समोर ठेवूनच आपली कथा रचली, असे अभ्यासक म्हणतात. म्हणजे बेथलेहेमची मुले कदाचित मेली नाहीत. पण राजे मुले मारतात, हे खोटे आहे का? या प्रसंगात मत्तय जुन्या ग्रंथातली राहेल नावाची आई आणतो. ती आपल्या लेकरांसाठी रडते आहे आणि सांत्वन घ्यायला नकार देते आहे. सगळ्या नाताळच्या कथेत मला सर्वांत खरी वाटते ती ही बाई. नाताळच्या देखाव्यात गव्हाण असते, मेंढरे असतात, तारा असतो. ही आई कुठे दिसत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग अटकसत्र. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. नाताळला तेव्हा दहा दिवस होते. त्याची आई विजयाबाई यांनी सरकारने देऊ केलेली दहा लाखांची मदत नाकारली आणि न्याय मागितला. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचे आदेश दिले, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तिथेही ते आदेश कायम राहिले. सांत्वन नाकारणारी आई ही दोन हजार वर्षांपूर्वीची कल्पना असेल. परभणीत ती जिवंत होती. वकील म्हणून सांगतो, सांत्वन घेऊन गप्प बसलेल्या घरातली प्रकरणे फाइलीत मरतात. सांत्वन नाकारणाऱ्या आयाच ती न्यायालयापर्यंत आणतात.

चौथी गोष्ट पळून जाण्याची, आणि इथे कथा थेट नाशिकच्या वेशीत येते. हेरोदाच्या भीतीने ते कुटुंब मिसरमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या भूमीवर आसऱ्याला गेले, असे मत्तय सांगतो. एकोणिसाव्या शतकात उलटा प्रवास झाला. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. त्यातून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरत. त्यांतली अनेक मुले नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या शरणपूरला आणली गेली. तिथे ती शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. शरणपूर या नावाचा अर्थच आसऱ्याचे गाव. "बुद्धं सरणं" म्हणणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याच शरणपूरचा जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. १८७४-७५ च्या सुमारास शरणपूरचे अनेक आफ्रिकन मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक आहे? गोदाकाठाच्या पुराणकथा आपल्याला पाठ आहेत. गुलामीतून सुटलेल्या मुलांना या शहरात आसरा मिळाला, हा घडलेला इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या मुलांची नावे बदलली गेली, धर्म बदलला गेला. त्यांना कोणी विचारले नव्हते. ज्या बायबलमध्ये गव्हाणीतले मूल आहे, त्याच बायबलचा आधार घेऊन अमेरिकेतले मळेवाले गुलामगिरीचे समर्थन करीत होते. आपल्या देशात चर्चमध्ये जात गेली. वेगळे बाक आले, काही ठिकाणी वेगळी दफनभूमी आली. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिले आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याचे सामाजिक दुःख संपत नाही आणि ते संपविण्यासाठी चर्च लढा उभारत नाही, ही त्यांची तक्रार होती. मरीयेच्या तोंडी लूकने एक गीत घातले आहे. सत्ताधीश सिंहासनावरून उतरतील, भुकेले तृप्त होतील, धनवान रिकाम्या हाताने जातील, असा त्याचा आशय. हे गीत शतकानुशतके चर्चमध्ये गायले गेले आणि सिंहासने जागच्या जागी राहिली. गीत गाऊन सिंहासन हलत नाही. त्यासाठी संघटना लागते, संघर्ष लागतो, कायदा लागतो. म्हणूनच बाबासाहेबांनी देवपुत्राचा मार्ग घेतला नाही. मी मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, असे सांगणाऱ्या बुद्धाचा घेतला.

मग मनुस्मृती जाळायची आणि लूक वाचायचा, हा पक्षपात नाही का? नाही. महाडला जो ग्रंथ जाळला गेला तो कथा म्हणून जाळला गेला नाही, कायदा म्हणून जाळला गेला. त्यातले नियम गावागावांत अमलात होते. पाणवठ्यावर होते, देवळाच्या दारात होते, बाईच्या पायात होते. कथा जेव्हा कायदा बनते आणि माणसाच्या मानेवर बसते तेव्हा तिला विरोध करावाच लागतो. मग ती मनूची असो, मोशेची असो की आणखी कोणाची. पण कथा कथाच राहते, आपल्याला प्रश्न विचारू देते, तेव्हा ती माणसाच्या कामाची असते. हा भेद ज्याला कळला नाही तो एक तर सगळेच ग्रंथ पूजेल नाही तर सगळेच जाळेल.

आणि हा आरसा आपल्याकडेही वळवायला हवा. येशूच्या ताऱ्याला हसणारे आपले काही बांधव सिद्धार्थ जन्मताच सात पावले चालला हे मात्र गंभीरपणे सांगतात. बेथलेहेमच्या मंदिरातला वृद्ध शिमोन त्यांना भाकड वाटतो, असित ऋषी मात्र इतिहास वाटतात. थोडे थांबून दुरुस्ती करतो, शिमोन यरुशलेमचा. पण मुद्दा तोच. दोन्हीकडे एक म्हातारा बाळाला हातात घेतो. असित रडतो, कारण या मुलाची शिकवण ऐकायला आपण जगणार नाही. शिमोन म्हणतो की आता मी सुखाने मरेन. दोन्हींत माणसाचे मन आहे. आपल्या हयातीत न येणाऱ्या चांगल्या दिवसांची ती ओढ आहे. तिला इतिहास म्हणायची गरज नाही. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे खुद्द बाबासाहेबांचे मिथक होत चालले आहे. त्यांच्या नावाने चमत्काराच्या गोष्टी सांगितल्या जातात, नवस बोलले जातात. ज्याने बारा-बारा, अठरा-अठरा तास अभ्यास केला, त्याच्या अभ्यासाची गोष्ट मुलांना सांगायची की दैवी अवताराची? अवताराची पूजा करता येते, अनुकरण करता येत नाही. येशूचे नेमके हेच झाले. रोमविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांचा माणूस पुढे रोमचाच देव झाला. आपल्या डोळ्यांसमोर ते पुन्हा होऊ द्यायचे का?

शेवटी आजच्या परिस्थितीकडे. नाताळ जवळ आला की देशात कुठे ना कुठे प्रार्थनासभांवर हल्ले झाल्याच्या बातम्या येतात. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटे ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. पार्किन्सनने हात थरथरणारे चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात बंदी असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मरण पावले. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला होता. आणि कायद्यातली उतारशाळा अजून बंदच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली मिळाला. आपल्याला, बौद्धांना, केंद्रात १९९० साली. दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपण दारात उभे होतो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांना हा दर्जा द्यावा अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली केली. २०२२ साली न्या. बाळकृष्णन आयोग नेमला गेला. वाटेकरी वाढतील ही आपल्यातल्या काहींची भीती मी समजू शकतो. तिच्यावर कोटा वाढविणे हा उपाय मागता येतो. पण धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, हे ज्यांनी स्वतःच्या अंगावर सोसले त्यांनीच दुसऱ्याला "जागा नाही" म्हणावे का?

त्या तरुणाला माझे उत्तर हे आहे. मी तारा मानत नाही, देवदूत मानत नाही, कुमारीजन्म मानत नाही. बावीस प्रतिज्ञांपासून मी एक पाऊल हललेलो नाही. पण गव्हाणीत मूल ठेवणारी आई, कायद्यापेक्षा माणूस मोठा मानणारा सुतार, सांत्वन नाकारणारी राहेल आणि आसरा शोधणारे कुटुंब ही माणसे मी ओळखतो. ती आपल्या वस्तीत राहतात.

म्हणून येत्या २५ डिसेंबरला सकाळी महाडच्या त्या अग्नीचे स्मरण करा, मनुस्मृती का जाळली ते मुलांना वाचून दाखवा. आणि संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती घरी जा. फराळाचे ताट घ्या आणि दोन गोष्टी विचारा: तुमच्या चर्चमध्ये जात आहे का, आणि असेल तर ती काढायला आम्ही काय मदत करू? ही शुभेच्छा कोरड्या शुभेच्छेपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल.

जयभीम!